तिसरा बार गाऊन दाखव

प्रश्न : ताई, मी विद्यापीठात संगीतरचनेच्या पहिल्या वर्षाला आहे. गुणगुणता येईल असं लिहायला मला आवडतं. वर्गात मात्र शोनबर्ग, बुलेझ, लिगेती या विसाव्या शतकातल्या आधुनिक रचनाकारांचंच कौतुक चालतं. परवा मी सी मेजर या साध्या, ओळखीच्या पाश्चात्त्य स्वरमालेतली माझी रचना वाजवली, तर मागून कुणीतरी ‘जाहिरातीचं संगीत’ म्हणालं आणि सगळे हसले. मला ते आधुनिक संगीत खरंच आवडत नाही, पण तसं बोलायची भीती वाटते. मी मागासलेली आहे, की बाकीचे आवडल्याचं नाटक करतात?

उत्तर : सगळ्यांसमोर असं हसणं वाईटच. तुला ते लागलं असणार.

तुझ्या दोन्ही शंका मलाही छळून गेल्या आहेत. दुसऱ्या वर्षाला असताना मी बारा स्वरांच्या पद्धतीत व्हायोलिन आणि पियानोसाठी एक रचना लिहिली. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडायचे आणि तोच क्रम उलटसुलट करत रचना उभी करायची, अशी ती पद्धत. त्यात कुठलाच स्वर षड्जासारखा ठाण मांडून बसत नाही. मी तक्ता आखला, स्वर भरत गेले, आठ दिवसांत रचना तयार! वर्गात वाहवा झाली. आमच्या शिक्षकांनी माझी वही मिटली आणि म्हणाले, “तिसरा बार गाऊन दाखव.” बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेषांमधला, ठरावीक मात्रांचा तुकडा. मला त्यातला पहिला स्वरसुद्धा लागेना. मी लिहिलेलं मलाच ऐकू आलेलं नव्हतं. नाटक म्हणशील तर ते मी केलं होतं, आणि वाहवा करणाऱ्यांतल्या काहींनीही.

त्यांनी मला ओरडा दिला नाही. शोनबर्गचा शिष्य आल्बान बर्ग याच्या १९३५ सालच्या व्हायोलिन कन्चेर्तोमधला, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला, बारा स्वरांचा क्रम लिहून दिला आणि पियानोवर सावकाश वाजवायला सांगितला. तूही वाजव : जी, बी फ्लॅट, डी, एफ शार्प, ए, सी, ई, जी शार्प, बी, सी शार्प, डी शार्प, एफ. पहिले तीन स्वर म्हणजे जी मायनर हा ओळखीचा, तीन स्वरांचा मेळ (कॉर्ड). तिसऱ्यापासून तीन घेतले की डी मेजर, पाचव्यापासून ए मायनर, सातव्यापासून ई मेजर. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा. शेवटचे चार स्वर एकेका पूर्ण स्वराच्या अंतराने, म्हणजे पियानोवर मधली एकेक पट्टी सोडून, चढत जातात. बाखच्या एका कोरालची, म्हणजे चर्चमधल्या समूहगीताची, सुरुवात तशीच आहे, आणि बर्गने शेवटच्या भागात तो कोराल उघडपणे आणला आहे. अठरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर लिहिलेलं हे संगीत बर्गला स्वतःला ऐकायला मिळालं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो गेला. तो क्रम मी दोन दिवस गात बसले होते. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं आणि रडले.

तेव्हापासून मला बर्ग जवळचा झाला. बुलेझचं दोन पियानोंसाठीचं ‘स्त्रुक्त्युर’ मात्र खूपदा ऐकूनही परकंच राहिलं, आणि हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. आवडलंच पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही. पण एकदा ऐकून नाही म्हणणं निराळं आणि दहादा ऐकून नाही म्हणणं निराळं. शोनबर्गला हे ठाऊक होतं. १९१८ साली त्याने व्हिएन्नात नव्या संगीतासाठी खासगी मैफलींची संस्था काढली, तिथे टाळ्यांना बंदी होती आणि रचना पुन्हा पुन्हा वाजवल्या जात.

विद्यापीठातल्या त्या ताठ्याला इतिहास आहे. १९५८ मध्ये मिल्टन बॅबिट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात मांडलं, की प्रगत संगीत हे प्रगत गणितासारखं तज्ज्ञांचं काम आहे आणि विद्यापीठाने त्याला आसरा द्यावा. संपादकांनी त्या लेखाला ‘तुम्ही ऐकता की नाही, कुणाला पर्वा?’ अशा अर्थाचं शीर्षक चिकटवलं, ते बॅबिटचं नव्हतं. आसऱ्याची मागणी मला आजही पटते. वाईट एवढंच झालं, की काही वर्गांत सुरेल लिहिणाऱ्यालाच त्या आसऱ्यातून बाहेर काढलं गेलं. खुद्द शोनबर्ग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवताना विद्यार्थ्यांना मुख्यतः बीथोवन, मोझार्ट, ब्राम्स यांच्यातून रचना समजावत असे. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश हा लुचानो बेरिओ या इटालियन आधुनिक रचनाकाराकडे शिकत होता, तेव्हा बेरिओनेच त्याला विचारलं, की तुला सुरेल लिहायचं आहे तर तसं लिहीत का नाहीस? पुढे १९७६ मध्ये राइशचं अठरा वादकांसाठीचं संगीत आलं, त्याच वर्षी एस्टोनियन रचनाकार आर्व्हो पॅर्टची पियानोसाठीची ‘फ्युर अलिना’. तीही आधुनिकच आहेत, ती तुला वर्गात भेटली नसतील तर स्वतः शोध.

आता तुझ्या रचनेबद्दल. सी मेजर हा दोष नाही. पण त्या शेऱ्यात काही तथ्य आहे का, हे तूच तपास. प्रत्येक ओळ चार बारांनी ठरल्या जागी येऊन टेकते का? डावा हात शेवटपर्यंत एकच चाल धरून बसतो का? तसं असेल तर तेवढंच बदल, सूर बदलू नकोस. आणि पुढच्या वेळी वर्गात लिगेती लागला, की ‘आवडलं नाही’वर थांबू नकोस. कुठल्या मिनिटाला तुझा धागा सुटला ते सांग आणि तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांग. तुझी रचनाही मला पाठव. त्याआधी तिचा तिसरा बार पियानोला हात न लावता गाऊन बघ.