अप्रेंटिसशिप सोडून मुलाला डिप्लोमाला घालू का?

प्रश्न: मुलगा दहावीनंतर आयटीआयमधून फिटर ट्रेड ७८ टक्क्यांनी पास झाला. सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी त्याची निवड झाली आहे. मला तो इंजिनिअर व्हायला हवा आहे. अर्धा एकर विकून खासगी कॉलेजात डिप्लोमाला पहिल्या वर्षापासून घालायची माझी तयारी आहे. काय करावं? (एक पालक, सिन्नर)

उत्तर: तुमच्या पत्रात फीचा हिशेब आहे, पुतण्याच्या पुण्यातल्या नोकरीचा दोनदा उल्लेख आहे, ‘भावकीत काय सांगू’ हेही आहे. मुलाला काय हवंय, यावर मात्र एक ओळही नाही. त्याच्या टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती तुमच्या या वाक्याची: ‘हात काळे करून येतो, पाहुणे असले की मी त्याला मागच्या दाराने यायला सांगतो.’

दादा, हे आजपासून बंद करा. पोरगा कानशीने लोखंड घासतो, व्हर्नियर या मोजमापाच्या साधनावर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचतो. दोन तुकडे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरायचे, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं, हे त्याने दोन वर्षं केलंय. एकदा त्याचा वर्कशॉपमधला जॉब, म्हणजे त्याने घडवलेला तुकडा, हातात घेऊन बघा. ज्या कौशल्यावर तो पोट भरणार, त्याचीच लाज त्याला घरातून मिळाली तर कुठल्याही कॉलेजात तो मान वर करून बसणार नाही.

आता तुमचा एक गैरसमज. अप्रेंटिस म्हणजे कमी पगाराचा कामगार आणि तिकडे गेला की शिक्षण संपलं, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात पडतं. शिक्षणाची वाटही बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे तुम्ही ज्या पहिल्या वर्षासाठी जमीन विकताय, ते त्याला करावंच लागणार नाही. नाशिकच्या शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगीच्या मानाने खूप कमी आहे. तिथे गणित जड जाईल, त्याची तयारी संध्याकाळी आत्तापासून करू दे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहेच.

कंपनी कायम करेल, या भरवशावर मात्र पाठवू नका. तसं बंधन कायदा कंपनीवर घालत नाही. वर्षभराचा अनुभव आणि प्रमाणपत्र, एवढं पक्कं धरा. रेल्वेच्या लेव्हल १, म्हणजे सर्वात खालच्या वेतनस्तराच्या भरतीत अशा प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव जागा असतात, तेही लक्षात ठेवा.

जमीन विकू नका. तो हो म्हणाला तर अप्रेंटिसशिपला पाठवा. रुजू होण्याआधी करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का, ते बघा. करार कंपनीशी आहे की एखाद्या ठेकेदाराशी, कुठल्या विभागात शिकवणार, हे विचारा. नोंदणी नसेल आणि नुसतं पॅकिंगला उभं करणार असतील तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, सरळ नकार द्या आणि थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरा. पण त्याआधी त्याला समोर बसवून विचारा, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.