गुरुजी, मुलगी उसाच्या फडावर परत चाललेली नाही

गुरुजी नमस्कार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगते. तुम्ही बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहात, मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुसऱ्या वर्षाला 71 टक्के, आणि तिला समाजशास्त्रात एमए करून पुढे ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर संशोधन करायचंय. तुमचं म्हणणं, एमपीएससी कर नाहीतर बीएड कर. ती ऐकत नाही म्हणून दिवाळीपासून तुम्ही तिच्याशी बोलणं बंद केलंय, आणि वयाच्या 26 पर्यंत पोस्ट निघाली नाही तर स्थळं बघणार असं आईकरवी कळवलंय. मला लिहिलंय, "मॅडम, तिला समजावून सांगा, तुमचं ऐकेल."

तर मी तिला समजावणार नाहीये. तुमच्याशीच बोलायचंय.

पत्रात मार्कांबद्दल खूप काही आहे, चुलतभाऊ इंजिनिअर झाला ते आहे, पण मला खरं पत्र एकाच वाक्यात दिसलं: "फडातून बाहेर पडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या आणि ही परत तिकडंच निघाली." तुमचे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जात होते, तुम्ही आजीजवळ राहून शिकलात, डीएड केलं, नोकरी लागली. मला याचं मोल कळतं आणि म्हणूनच ही भीती मी हलक्यात घेत नाहीये. पण गुरुजी, तुमची आई तिथे गेली कारण हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलेली होती आणि ती फेडायची होती. तुमची मुलगी तिथे जायचं म्हणतेय कारण तिला विचारायचंय की असं का होतं. हे दोन्ही तुम्हाला एकच वाटतंय आणि त्या गैरसमजापायी घरात बोलणं बंद झालंय, 21 वर्षांची पोर आईच्या मार्फत बापाशी बोलतेय. हे मला तिच्या करिअरपेक्षा जास्त गंभीर वाटतं. बापाने अबोला धरला की मुलं बीएडला जातात, हे मी बघितलंय, पण मग ती घरी काही सांगायची बंद होतात, कॉलेजातला त्रास असो की सासरचा. ते तुम्हाला परवडणार आहे का?

आणि आत्याचा विषय. तिच्या आत्याची गर्भपिशवी तिशीच्या आत काढली, ते बघून हिच्या डोक्यात हा प्रश्न आला, आणि तुम्ही लिहिता की घरातल्या बायकांच्या गोष्टी चारचौघांत कशाला. गुरुजी, ती गोष्ट आता घरातली राहिलेली नाही. 2019 मध्ये राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली, बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात लाज तुमच्या बहिणीने का वाटून घ्यायची?

आता तुमचा एक समज, ज्यावर मला सविस्तर बोलायचंच आहे, कारण हा समज फक्त तुमचा नाहीये. तुम्ही म्हणता, सर्व्हेचं काम म्हणजे घरोघर फिरून फॉर्म भरायचे, ते आशाताई पण करतात, त्याला एमए कशाला. बघा, वरचा आकडा फॉर्म भरून मिळाला हे बरोबर आहे. पण आकडा फक्त किती ते सांगतो. का, हे शोधायला गेलं की धागे वेगळीकडेच निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाई आजारी पडली की अख्खा कोयता बसतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मजुरी टनावर असते, खोपीला संडास नाही, पाणी नाही, पाळीत जड मोळ्या उचलायच्या, मग इन्फेक्शन, मग खाजगी दवाखाना, आणि तिथे कुणीतरी सांगतं पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली. त्या बाईला अडाणी म्हणून विषय संपवणं सोपं आहे. उचल, खाडा, मुकादम आणि डॉक्टर एकमेकांत कसे गुंतलेत हे पुराव्यानिशी मांडणं म्हणजे समाजशास्त्रीय संशोधन. आणि ते करायला प्रश्न विचारता यावा लागतो. मुकादम शेजारी उभा असताना बाईला विचारलंत की काही त्रास होतो का, तर ती नाहीच म्हणणार आणि फॉर्मवर "नाही" पडणार. डिसेंबरात गावात पाहणीला गेलात तर निम्म्या घरांना कुलूप, माणसं कारखान्यावर, म्हणजे जे सगळ्यात अडचणीत आहेत तेच मोजणीतून गळाले आणि अहवालात गाव बरं दिसलं. हे कुठे चुकतं ते ओळखायला आणि दुरुस्त करायला शिक्षण लागतं, त्यात चांगलं संख्याशास्त्र पण लागतं. गणित नको म्हणून आर्ट्स, असं म्हणणाऱ्या मुलांना मी हा विषय सुचवतच नाही.

हुशार पोरं हे घेत नाहीत हे पण लिहिलंय तुम्ही. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला तेव्हा ते 25 वर्षांचे होते. इरावती कर्व्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती माणसं कुठे गेली, जमिनीचं काय झालं, हे गोळा केलं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 पासून आहे. हा वारसा कमी मार्कवाल्यांचा नाहीये.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलते, कारण तिथे तुमची काळजी खरी आहे आणि मुलीनेही ती ऐकायला हवी. संशोधनातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधा. सीनियर कॉलेजात कायम जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर तासिका तत्त्वावर शिकवत बसणारे, सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले कितीतरी जण तुमच्याच भागात आहेत. त्यामुळे फक्त प्राध्यापक व्हायचं म्हणून एमए करत असेल तर मी पण नको म्हणेन. पण डेटा हाताळता येणारी, आणि गावात बसून बायकांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारी, अशी दोन्ही जमणारी माणसं कमी आहेत, आरोग्य, पाणी, शिक्षण, स्थलांतर यावर काम करणाऱ्या संस्थांना ती हवी असतात. तुमच्या मुलीकडे दुसरी गोष्ट जन्मापासून आहे, पहिली शिकता येते.

परीक्षांचं एका दमात सांगते. एमएला सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, त्यातून टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस पण येतं, आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या आपापल्या प्रवेशप्रक्रिया. पुढे नेट आणि सेट. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये, आणि जेआरएफची वयोमर्यादा 30 असली तरी मुलींना पाच वर्षं सवलत आहे, तेव्हा 26 ची रेषा तुमची आहे, ही शिष्यवृत्ती देणाऱ्या यूजीसीची नाही. एमपीएससी बंद होत नाही, राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय आणि समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, पण ते तिला हवं असेल तर. तिच्या गळ्यात बांधू नका.

तुम्हाला माझं एक सांगणं आहे, आणि ते आजच करा. तिला बोलवा आणि तुमच्या लहानपणीचं सांगा. आई सहा महिने नसायची तेव्हा घर कसं चालायचं, परत आल्यावर उचलीतलं किती फिटलेलं असायचं, पुढच्या वर्षी जायचं की नाही हे घरात कोण ठरवायचं. तुम्ही हे तिला कधीच सांगितलेलं नाही, तुमच्याच पत्रावरून कळतं. ती हे परक्या लोकांना विचारायला निघालीय कारण घरात विचारायची सोय नाही.

आणि बाळ, वडील हे तुला वाचायला देतील असं धरून तुलाही लिहिते. आत्याच्या गोष्टीवर थेट प्रबंध लिहू नकोस. आत्याने तुला ते भाची म्हणून सांगितलंय. लिहायचं असेल तर तिला नीट विचार, आणि ती नको म्हणाली तर तो विषय तिथे थांबला. नाव बदललं की झालं असं समजू नकोस, गावात दोन खुणा दिल्या तरी माणूस ओळखू येतो. एमएच्या पहिल्या वर्षी आधी आकडे शिक, एक्सेल आणि मग आर किंवा स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर, एनएसओ या केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाच्या पाहण्यांचा मूळ डेटा त्यांच्या साईटवर फुकट मिळतो, तो उतरवून घे आणि त्यात तुझ्या प्रश्नाचं काय सापडतं, काय सापडत नाही ते बघ. जे सापडत नाही तिथून तुझं काम सुरू होईल. संख्याशास्त्र पहिल्या सेमिस्टरला अडलं तर तेव्हाच लिही मला, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको.