वाचकांचे प्रश्न : कार्डावर ‘फ्रेल’ लिहिलंय

प्रश्न : सासरे ७८ वर्षांचे आहेत. तापामुळे दवाखान्यात ठेवलं होतं. डिस्चार्ज कार्डावर ‘फ्रेल’ लिहिलंय. शेजारी म्हणतात, वीकनेस आहे, सलाईन लावा. दोन्ही एकच का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : एकच नव्हे. आणि सलाईनची घाई नको. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते हवं, पण स्नायूंना त्यातून काही मिळत नाही.

‘वीकनेस’ हा पेशंटचा शब्द. तापानंतरचा थकवा, रक्त कमी असणं, झोप न होणं, सगळं त्यात येतं. डॉक्टर तोच शब्द लिहितात तेव्हा बहुधा हातापायांतली ताकद खरोखर कमी झालेली असते. ती एका बाजूची अचानक गेली, तोंड वाकडं झालं, तर लगेच गाडी काढा.

‘फ्रेल’चं तसं नाही. फ्रेल म्हणजे वयाबरोबर सगळं शरीरच नाजूक झालेलं, आणि ते तपासून ठरवता येतं. अमेरिकन डॉक्टर लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याची पाच लक्षणं मांडली : वर्षभरात आपोआप साडेचार किलोंहून जास्त वजन उतरणं, हाताची पकड ढिली पडणं, सतत दमणूक, मंद चाल, कमी हालचाल. यातली तीन असली की माणूस फ्रेल. अशा माणसाच्या अंगात ताकदीची शिल्लक उरलेली नसते, म्हणून साध्या तापानंतरही तो लवकर उठत नाही.

पडवीत चार मीटर मोजा आणि सासऱ्यांना नेहमीच्या चालीने चालू द्या. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

यातून बरंच सावरता येतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. आपल्याकडे ताप गेला तरी म्हाताऱ्यांना पेज आणि लोणच्यावरच ठेवतात, ते मला बघवत नाही. पेज द्या, पण सोबत अंडं, बांगडा द्या. शाकाहारी असतील तर कुळथाची पिठी, मूग. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, जमेल तितक्या वेळा; तुम्ही जवळ उभं राहा. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून काढा, न्हाणीत धरायला दांडा बसवा.

पुढच्या तपासणीला सगळ्या गोळ्या बरोबर न्या, झोपेच्यासुद्धा. आणि वजन उतरत असेल तर ते आधी सांगा. मधुमेह, थायरॉईड, क्षय यांची तपासणी करून घ्यायला हवी.