वाचकांचे प्रश्न: मोबाइलवरची लाट आणि चाचणीतला आकडा

प्रश्न : निवडणुकीच्या दिवसांत मोबाइल उघडला की एकाच बाजूची लाट दिसते. जनमत चाचण्या मात्र भलतंच सांगतात. खरं काय मानायचं? (वाचक, सातारा)

दोन्हीकडे वेगवेगळी गोष्ट मोजली जाते. चाचणीत कोणाला विचारायचं ते चाचणी घेणारा ठरवतो आणि त्या माणसाच्या दारात जातो. समाजमाध्यमावर माणूस आपणहून बोलायला येतो, आणि जो येत नाही त्याचं मत कुठेच उमटत नाही. न बोलणाऱ्यांची संख्या किती मोठी असते ते पाहा. अमेरिकेत प्यू या संस्थेने २०१९ मध्ये ट्विटरचा अभ्यास केला. तिथल्या प्रौढ वापरकर्त्यांपैकी सर्वाधिक लिहिणाऱ्या १० टक्के लोकांनी ८० टक्के ट्विट लिहिलेली आढळली. शिवाय तुम्ही ज्या मजकुरावर थांबता, त्याच प्रकारचा मजकूर पुढे जास्त दाखवला जातो. तुम्हाला दिसलेली लाट शेजारच्या घरातल्या मोबाइलवर दिसेलच असं नाही.

प्रश्न : एका ऑनलाइन मतचाचणीत साठ हजार लोकांनी बटण दाबलं. सर्वेक्षणवाले दोन हजारांना विचारतात. मग साठ हजारांवर विश्वास का ठेवायचा नाही? (वाचक, नांदेड)

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ते शीत भांड्यातून कुठूनही उचललेलं असावं लागतं. उतू जाऊन झाकणाला चिकटलेली साठ हजार शितं तपासली, तरी तळाचा भात शिजला की नाही ते कळत नाही.

याचा सर्वांत मोठा धडा १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. तिथल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून. मंदीच्या काळात या दोन्ही वस्तू खाऊनपिऊन सुखी घरांतच होत्या. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. लँडन यांना ४८ पैकी दोनच राज्यं मिळाली. दोष एकट्या यादीचा नव्हता. पाऊण लोकांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि ज्यांनी आवर्जून पाठवलं त्यांत रूझवेल्ट यांचे विरोधक जास्त होते. ऑनलाइन मतचाचणीत नेमकं हेच घडतं. वर एका गटाने लिंक फिरवली की तासाभरात आकडा उलटतो.

यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीत चूक मोजता येते. १०० ला नमुन्यातल्या, म्हणजे प्रश्न विचारलेल्या, माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. हजार लोकांसाठी उत्तर येतं सुमारे ३ टक्के, दोन हजारांसाठी २.२, दहा हजारांसाठी १. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून संस्था ठरावीक आकड्याला थांबतात. प्रत्यक्षात निवडक गावांतच जाऊन विचारलं जातं. एका गावातली मतं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे खरी चूक या हिशेबापेक्षा थोडी जास्तच धरावी.

इथे वाचणाऱ्यांची एक चूक हमखास होते. ३ टक्क्यांची चूक प्रत्येक पक्षाच्या आकड्याला लागू असते. दोन पक्षांमधल्या अंतराला ती जवळपास दुप्पट लागते. ४१ विरुद्ध ३८ ही आघाडी समजू नये. आणि दोन हजारांच्या राज्यभराच्या चाचणीवरून विदर्भाचं भाकीत कुणी सांगितलं तर सावध व्हा. २८८ पैकी ६२ जागा विदर्भात, म्हणजे तिथली माणसं साधारण ४३० आणि चूक जवळजवळ ५ टक्के.

प्रश्न : ऑनलाइन मतं मग पूर्ण टाकाऊच का? (वाचक, पुणे)

नाही. बोलणारा कोण आहे हे ठाऊक असेल तर ती उपयोगी पडतात. २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावर रोज प्रश्न विचारले. सुमारे साडेतीन लाख लोकांनी उत्तरं दिली. त्यांत ९३ टक्के पुरुष होते, आणि १८ ते २९ वयाचे ६५ टक्के. कच्चा आकडा अर्थातच साफ चुकीचा होता. पण प्रत्येकाचं वय, लिंग, शिक्षण, राज्य आणि मागच्या वेळचं मत विचारलेलं होतं. त्यावरून हिशेब दुरुस्त केल्यावर अंदाज खऱ्या निकालाच्या जवळ आला.

ही दुरुस्ती, म्हणजे भारांकन, घरी करून पाहता येते. समजा हजार जणांत ३०० स्त्रिया आणि ७०० पुरुष सापडले. मतदारयादीत मात्र प्रमाण ४८ आणि ५२ आहे. एका पक्षाला स्त्रियांपैकी ५० टक्के आणि पुरुषांपैकी ३० टक्के पसंती आहे. सरळ मोजलं तर १५० अधिक २१०, म्हणजे ३६ टक्के. आता प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला १.६ आणि पुरुषाच्या उत्तराला ०.७४ वजन द्या. आकडा होतो ३९.६. साडेतीन टक्क्यांचा हा फरक कितीतरी जागा फिरवू शकतो.

नुसत्या कमेंट मोजून हे जमत नाही, कारण तिथे वय, मतदारसंघ, कधीकधी खरं नावही नसतं. जर्मनीच्या २००९ च्या निवडणुकीनंतर एका अभ्यासाने दावा केला की ट्विटरवरच्या उल्लेखांचं प्रमाण मतांच्या प्रमाणाशी जुळतं. मोजले होते फक्त संसदेतले सहा पक्ष. दुसऱ्या संशोधकांनी त्यात पायरेट पार्टी धरली, तर तीच पहिली आली. मतपेटीत तिला मिळाली होती २ टक्के मतं. आमच्या मते ‘उल्लेख म्हणजे पाठिंबा’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

आपल्याकडे भारांकनालाही अडचण आहे. शेवटची जनगणना २०११ ची, आणि सगळ्या जातींची संपूर्ण मोजणी १९३१ ची. वजन द्यायला आधार म्हणून घेतलेले आकडेच जुने असतात.

प्रश्न : परदेशातले नातेवाईक राजकारणावर हिरिरीने लिहितात. त्यांचं मत चाचणीत येतं का? (वाचक, ठाणे)

बहुधा नाही, आणि मतपेटीतही फार थोडं येतं. भारतीय पारपत्र असलेल्याला परदेशस्थ मतदार म्हणून पारपत्रावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. तिथलं नागरिकत्व घेतलेल्यांना मताचा हक्क उरत नाही. इथे राहणाऱ्यांतही बोलणारा आणि मत देणारा वेगळा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुलाब्यात निम्म्याहून कमी मतदान झालं, गडचिरोली जिल्ह्यात ७० टक्क्यांहून जास्त.

प्रश्न : शास्त्र इतकं पक्कं आहे तर चाचण्या चुकतात का? (वाचक, कोल्हापूर)

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली मैदानात. लोकनीतीसारखी संस्था मतदान केंद्रं निवडून मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढते. त्या नावाचा माणूस शेतावर गेला असेल तर पुन्हा जावं लागतं. घाईतला सर्वेक्षक शेजारच्या घरी विचारून मोकळा होतो, आणि नमुन्यात घरी सापडणारेच भरतात. बाईला प्रश्न विचारला की उत्तर घरातला पुरुष देतो. चारचौघांसमोर सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलायला माणूस कचरतो. म्हणून चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात.

दुसरी चूक मतांवरून जागा काढताना. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २३० जागा घेतल्या. बहुतेक चाचण्यांनी त्यांना आघाडी दिली होती, पण एवढ्या आकड्याच्या जवळ फारसं कुणी गेलं नव्हतं. म्हणून मतांची टक्केवारी न देता नुसत्या जागा सांगणाऱ्या चाचणीवर आम्ही भरवसा ठेवत नाही.

प्रश्न : बातमीत नेमकं काय पाहावं? (वाचक, मडगाव)

किती जणांना विचारलं, कसं निवडलं, फोनवर की समोरासमोर, कोणत्या तारखांना, खर्च कोणी केला आणि ‘ठरवलेलं नाही’ म्हणणाऱ्यांचं काय केलं. शेवटची बाब सर्वांत जास्त लपवली जाते. १५ टक्के लोक अनिश्चित असतील आणि त्यांना गाळून उरलेल्यांचे शंभर टक्के केले असतील, तर दिसणारी आघाडी फसवी असू शकते.

तारखांचं कायद्याशीही नातं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ मुळे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांवर जनमत चाचणी दाखवता येत नाही. कलम १२६अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्या काळात गटात ‘आत्ताच आलेला एक्झिट पोल’ आला, तर तो पुढे पाठवू नका.