सुट्टी घेतली तर दम जाईल का?

पोलीस भरतीची पोरं-पोरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक लेखी परीक्षेच्या टेन्शनपायी. पण बोलता बोलता एक प्रश्न हमखास निघतो, "मॅडम, एक दिवस ग्राउंड चुकलं की दम जातो का हो?" जिमवाल्यांचंही तेच, फक्त त्यांची बॉडी उतरते. एका दिवसाने काही जात नाही, हे उत्तर मी कितीदा दिलं असेल. ते ऐकून कुणी सुट्टी घेतल्याचं मात्र आठवत नाही. म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी बावीस-तेवीसची, तालुक्याच्या गावाजवळच्या वाडीतली. पहाटे पाचला अकॅडमीचं ग्राउंड, संध्याकाळी पुन्हा राउंड, आठवड्याचे सातही दिवस. भरतीत मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटर आणि गोळाफेकीचे प्रत्येकी १५. आठशेला पैकीच्या पैकी हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांत यावं लागतं. हिचं टायमिंग ३:०२ पर्यंत उतरलं होतं. मग सराव वाढवला, तर ते ३:१२ वर गेलं. "कमी पडतंय म्हणून अजून दोन राउंड वाढवले," असं ती सांगत होती. रात्री मध्येच जाग, डाव्या नडगीत कळ. आई तिला घेऊन आली होती ती चिडचिडीमुळे. "ताटावरनं उठून जाते मॅडम, काही बोलायची सोय नाही."

नडगी नेमकी कुठे दुखते, म्हणून विचारलं. तिने एक बोट ठेवलं, एकाच जागी. मग पाळीचं विचारलं. तिने आईकडे पाहिलं. आईला जरा बाहेर बसायला सांगितल्यावर म्हणाली, "तीन महिने नाही. बरंच झालं ना, ग्राउंडवरची कटकट गेली."

इथे समुपदेशन थांबतं आणि डॉक्टर सुरू होतो. पळून नडगी दुखणं नेहमीचंच, पण ते दुखणं सहसा हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं असतं. बोट ठेवून दाखवता येणारी एकच जागा दुखत असेल तर हाडाला बारीक चीर जात असण्याची शंका घ्यायची. सुरुवातीच्या आठवड्यांत ती एक्स-रेत दिसेलच असं नाही, त्यामुळे 'एक्स-रे क्लिअर आहे, पळ' हा ग्राउंडवरचा सल्ला धोक्याचा. पाळीचा धागाही त्याच हाडाशी जोडलेला. खाणं सरावाला पुरेनासं झालं की शरीर काटकसर करतं, पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि त्याबरोबर हाडाची ताकदही. वजन कमी झालं की टायमिंग सुधारतं असं कुणीतरी सांगितल्यावर हिने रात्रीची भाकरी सोडली होती. पहाटे पळून आल्यावर चहा-बिस्किटं, मग दुपारपर्यंत काही नाही.

डॉक्टरांनी पळणं काही आठवडे पूर्ण बंद केलं आणि खाणं वाढवायला सांगितलं. पुढचं काम माझ्याकडे आलं.

मी समजावलं. पळण्याने स्नायूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून निघते जेवणाने आणि झोपेने, आणि ताकद त्या भरून निघण्यातून येते. हाड तर ताण पडल्यावर आधी थोडं झिजतं आणि मग नव्याने बांधलं जातं, ते स्नायूंपेक्षा सावकाश चालतं. कमावलेला दम आठवडाभराच्या विश्रांतीने फारसा हलत नाही. तिने मान डोलावली. पुढच्या भेटीत कळलं, बाई गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होत्या!

तेव्हा विज्ञान बाजूला ठेवून विचारलं, "तू ग्राउंडला गेली नाहीस तर त्या दिवशी घरी काय होतं?"

बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. "घरात बसलेली दिसले की स्थळाचा विषय निघतो. आत्या म्हणते, रिकामीच आहे तर बघायला येऊ दे त्यांना. पळत असले की कुणी काही बोलत नाही."

'नो डेज ऑफ'वाल्या रील्सना आपण ऊठसूट दोष देतो. माझा अनुभव असा की विश्रांतीला घाबरणाऱ्या बहुतेकांच्या मागे असं काहीतरी घरचं असतं. कुणाला नोकरी गेल्याचं तोंड लपवायचं असतं, कुणाला नुसतं शांत बसवत नाही. तिथे स्नायूंचं शास्त्र सांगून काय होणार?

मग वडिलांनाही बोलावलं. स्थळांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हटलं, "दादा, ग्राउंड ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची. गुरुवार-रविवार हिला अभ्यासिकेत बसू द्या." हिशेब त्यांना पटला. वेळापत्रक कपाटाच्या दारावर लागलं आणि ते दोन दिवस ती डबा घेऊन सकाळीच घराबाहेर पडू लागली. दोरी आपोआप सुटली.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर आधी चालणं, मग थोडं चालणं थोडं पळणं. सकाळी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची, सलग दोन दिवस नेहमीपेक्षा बरीच जास्त भरली तर सराव हलका. पळून आल्याबरोबर अंडी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू, चहा नंतर. रात्रीची भाकरी परत सुरू.

पाळी यायला काही महिने गेले. टायमिंग आता तीन मिनिटांच्या आसपास आहे, २:५० अजून लांब आहे. आत्याचे फोन चालूच आहेत, पण वडिलांनी या भरतीचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. अकॅडमीचे सर मात्र गुरुवारच्या गैरहजेरीवर अजून कुरकुरतात, आणि त्यांना काय सांगायचं ते ती माझ्याकडून पाठ करून गेली आहे.