पणजीला पिण्याचं पाणी कुठून येतं? मांडवीचंच का?

मांडवीच्या मुखाशी शहर, पण पणजीच्या नळाला ते पाणी नाही. तिथे भरती-ओहोटी चालते, पाणी खारं. साधा गाळण प्रकल्प मीठ काढू शकत नाही. पाणी येतं फोंडा तालुक्यातल्या ओपाहून, मांडवीची उपनदी असलेल्या खांडेपारच्या गोड्या पात्रातून.

उन्हाळ्यात नदी आटली की बंधाऱ्यांनी अडवलेल्या पाण्यावर भागवावं लागतं. पावसाळ्यात उलटं: पाणी भरपूर, पण लालभडक. तेव्हा तुरटीची मात्रा वाढवतात. तुरटीने मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, टाकीत बसतात. उरलेलं वाळूच्या थरातून गाळून क्लोरीन देतात. गढूळपणा फारच वाढला तर गाळणी लवकर तुंबते आणि पुरवठा कमी होतो.

खरा कच्चा दुवा जलवाहिनी. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला ती फुटली आणि पणजी, तिसवाडी, फोंडा काही दिवस कोरडे राहिले. धो धो पाऊस चालू असताना!

खंडानंतर पाणी आलं की पहिलं गढूळ पाणी थेट टाकीत घेऊ नका, ते बागेला घाला. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत शिरते, म्हणून त्या दिवशी पाणी उकळूनच प्या. नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन हवं; साध्या किटने घरी तपासता येतं.

मडगाव-वास्कोचं गणित वेगळं, तिथे सांगेतल्या साळावली धरणाचं पाणी.