मिश्री सोडली तर दात पडतील का?

“बाई, मिसरी सोडली की दात ठणकतात. मग तीच दात धरून ठेवते, असंच म्हणायचं ना?” मिसरी, म्हणजेच मिश्री, ही भाजलेल्या तंबाखूची दातांना लावायची पूड. साताऱ्या-सांगलीकडच्या गावांत तंबाखूमुक्तीचे समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका काकूंची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींचे सार थोडक्यात आणले आहे.

काकूंना दंतवैद्यांनी माझ्याकडे पाठवले होते. वय चौपन्न, खालच्या ओठाच्या आत पांढरट, सुरकुतलेला चट्टा, समोरच्या दातांच्या हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडलेली आणि एक दात हलणारा. तंबाखू खाता का, असे विचारल्यावर त्या जवळजवळ दुखावल्याच. “तंबाखू? आमच्या घरात बायका तंबाखू खात नाहीत. मी नुसती मिसरी लावते.”

हा गैरसमज एकट्या काकूंचा नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली की ती आपल्या मनात दंतमंजन होऊन बसते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर १९९२ मध्येच बंदी आली, परंतु चुलीवर भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती बंदी पोहोचणार कशी? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे चोवीस टक्के प्रौढ धूर न येणारी तंबाखू वापरत असल्याचे आढळले. मळलेली तंबाखू, गुटखा, मावा आणि खर्रा आपल्याला चटकन आठवतात. घराघरांतली मिश्रीची डबी मात्र नजरेआड राहते.

पहिल्या भेटीत मी काकूंना चट्ट्यांची आणि गाठींची चित्रे दाखवली. त्यांनी ती निमूटपणे पाहिली आणि पुढचे तीन आठवडे त्या आल्या नाहीत. भीती दाखवून सवय सुटत नाही, ती फक्त लपवली जाते, हे मला ठाऊक असूनही मी घाई केली होती.

त्या पुन्हा आल्या तेव्हा मी मिश्रीविषयी काहीच विचारले नाही. “काकू, तुमचा कालचा दिवस मला सांगा,” एवढेच म्हटले. पहाटे चूल, मग धारा, डबे, शेतावरची भाकरी असा तो दिवस उलगडत गेला. मिश्री चार वेळा लागत होती. पहाटेची, जेवणानंतरची आणि झोपतानाची त्यांनी एका वाक्यात उरकली. दुपारच्या मिश्रीपाशी मात्र त्यांचा आवाज बदलला.

“दुपारी मी परसदारी पायरीवर बसते. तवा कुणी हाक मारत नाही.”

“का बरं?”

“तोंडात मिसरी असली की बोलता येत नाही. उत्तर द्यायला लागत नाही.” एवढे बोलून त्या थांबल्या आणि बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, “दिवसात तेवढाच येळ माझा असतो, बाई.”

मी इतकी वर्षे हे काम करते आहे, पण त्या क्षणी मला जे उमगले ते त्यापूर्वी इतके स्वच्छ दिसले नव्हते. प्रत्येक सवय माणसाच्या दिवसात काहीतरी काम करत असते आणि ते काम ओळखल्याशिवाय सवयीला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. काकूंची मिश्री त्यांच्यासाठी दाराची कडी होती. ती काढून घेताना मी त्यांना दुसरी कडी द्यायला हवी होती.

पुढच्या भेटीला मी सुनेलाही बोलावले. ठरले ते असे : दुपारी अर्धा तास सासूबाई पायरीवर बसतील, तोंड रिकामे असले तरी त्यांना कुणी हाक मारणार नाही. सून क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आत्याबाईंनी आधी सांगितलं असतं तर एवढं मी केलं असतं की.”

आता दातांच्या ठणक्याविषयी. निकोटिनने तोंड क्षणभर बधिर होते, त्यामुळे आतले दुखणे झाकले जाते. मिश्री थांबली की झाकलेले दुखणे जाणवू लागते. शिवाय खरखरीत पूड वर्षानुवर्षे घासून दात झिजवते, हिरड्या खाली सरकतात आणि उघड्या मुळांना गार पाणीही झोंबते. म्हणजे ठणका मिश्री सोडल्याने निर्माण होत नाही, तो मिश्रीच्या आड वाढत असतो. म्हणूनच सोडण्याचा दिवस ठरवण्याआधी दंतवैद्यांकडून कीटण काढून घ्यावे आणि किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत, असे मी प्रत्येकीला सांगते. चौथ्या दिवशी दाढ ठणकली म्हणून पुन्हा डबी उघडणाऱ्या कितीतरी जणी या एका तयारीने तरल्या आहेत.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके दुखते, पोटही साफ होत नाही. “मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही” ही तक्रार खोटी नसते, पण काही आठवड्यांत आतडी पूर्ववत होतात. तोवर भरपूर पाणी आणि पालेभाज्या घ्याव्यात. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्या वेळात बडीशेप चघळावी किंवा जागेवरून उठावे. त्या जागी सुपारी मात्र नको, कारण तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे आणि तिच्यामुळे गालाचे आतले अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. निकोटिनचे च्युइंगम वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे आणि साध्या च्युइंगमसारखे सतत चावू नये. थोडे चावून झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे. दात हलत असतील तर त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा पर्याय विचारावा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडण्यासाठीच्या दूरध्वनी सेवेवर, मोफत सल्ला मिळतो. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तसेच दोन आठवड्यांत न भरलेली जखम दंतवैद्यांना दाखवण्यात चालढकल करू नये. लाल चट्टा दुखत नसला तरी तो अधिक धोक्याचा असतो.

काकूंचा हलणारा दात अखेर काढावा लागला. मिश्री सोडल्यामुळेच तो गेला असे त्यांना वाटेल, या काळजीने मी विचारले, तर त्या म्हणाल्या, “तो मिसरी लावत होते तवाच हलत होता की.” दोन महिन्यांनी ओठाच्या आतला चट्टा बराच फिका झाला होता. एका लग्नघरी त्यांनी पुन्हा मिश्री लावली, दुसऱ्या दिवशी आपणहून मला कळवले आणि पुन्हा सोडली. तपासणी दर तीन महिन्यांनी चालूच आहे.

गेल्या महिन्यात तपासणीची आठवण करून द्यायला मी दुपारी त्यांच्या घरी फोन केला. तो सुनेने उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाली, “आत्याबाई पायरीवर बसल्यात. अर्ध्या तासानं करा, मॅडम.”